आंबोलीत रात्री बॅटऱ्या घेऊन येणाऱ्या सहल-आयोजकांना खुले पत्र

प्रति,
आंबोली, चौकुळ, गेळे परिसरात पावसाळी रात्रफेऱ्या आणि छायाचित्रण शिबिरं नेणारे सर्व सहल-आयोजक

प्रत : वनखात्याचे अधिकारी, तसंच तिन्ही गावांच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्या

स. न. वि. वि.

मे महिना निम्मा सरला की तुमच्या जाहिराती फिरू लागतात. दोन रात्री, तीन दिवस, जेवणखाण धरून. वर चापडा या झाडावरच्या विषारी सापाचा फोटो, शेजारी उडत्या बेडकाचा आणि खाली ठळक अक्षरांत ‘हमखास’. आमचं भांडण त्या एका शब्दाशी आहे. बाकीच्या तक्रारी पुढे येतीलच, पण बहुतेकींचं मूळ तिथेच आहे.

आम्ही म्हणजे या गावांत वाटाड्याचं काम करणारे, पाहुणे ठेवणारे आणि पावसाळाभर बेडूक-सापांच्या नोंदी ठेवणारे. पाहुणे येऊ नयेत असं आमच्यातल्या कोणालाच वाटत नाही. जून ते सप्टेंबर काहींची चूल त्यांच्यावरच पेटते. म्हणून हे पत्र पाहुण्यांना नाही, त्यांना आणणाऱ्यांना आहे. पाहुण्यांनी वाचलं तर बरंच.

‘हमखास’ कसं जमवतात, ते आधी सरळ लिहू. आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो रोज सारखा पडत नाही. चार दिवस उघडीप पडली की बेडकांचा आवाज बसतो. पाऊस आडवा लागला की पानाआड गेलेला चापडा चार हातांवरूनही दिसत नाही. अशा रात्री जाणता वाटाड्या दोन तास फिरून एक खेकडा आणि तीन गोगलगायी घेऊन परत येऊ शकतो, आणि त्यात त्याची चूक काही नसते. आता शनिवारी रात्री साडेआठ ते साडेदहा या वेळात वीस माणसांना ठरलेला साप दाखवायचा शब्द तुम्ही पैसे घेऊन दिलेला असेल, तर तो पाळायची वाट एकच उरते. दुपारी कोणीतरी पुढे जायचं, प्राणी शोधायचा आणि रात्रीपर्यंत तो तिथेच राहील अशी तजवीज करायची. तजवीज म्हणजे झाकणाला भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा डबा, नाहीतर कापडी पिशवी.

तुम्ही सगळेच असं करता, असं आमचं म्हणणं नाही. पण जे करत नाहीत त्यांचं गिऱ्हाईक करणाऱ्यांकडे जातं, कारण प्रामाणिक माणसाच्या फेरीत कधीकधी साप दिसतच नाही.

पैसे भरून आलेल्या पाहुण्याला मांडलेला प्राणी ओळखता यावा, म्हणून खुणा देऊन ठेवतो. स्वतःहून बसलेला चापडा वळ्या घट्ट करून, मान मागे ओढून दबा धरलेला असतो. एकाच झुडपावर तो ओळीने काही रात्री सापडू शकतो, आणि बॅटरी पडली तरी बहुधा हलत नाही. नुकताच आणून ठेवलेला साप सारखा सरकत असतो, जीभ काढत असतो, फांदीवरून उतरायला बघत असतो, आणि कोणीतरी काठीने त्याला पुन्हा वर ढकलत असतं. फांदीही पाहा : रस्त्यालगत, छातीच्या उंचीवर, छान शेवाळलेली आणि पुढे-मागे पान नसलेली फांदी जंगलात फार थोडी असते. देवगांडूळ हा गांडुळासारखा दिसणारा, बिनपायांचा, मातीत राहणारा उभयचर प्राणी. पावसाळी रात्री तो वर येतो, पण पानावर पसरून फोटो काढू देत नाही. जमीन मिळाली की तोंड खुपसून आत जातो. तो कातळावर उघडा पडलेला दिसला तर विचारा, याला कोणी काढला? भूछत्रावर बसलेला बेडूक, एकाच पानावर दोन जातींचे बेडूक, पोटाला माती नि कचरा चिकटलेला उडता बेडूक, यांतलं काहीही दिसलं की कॅमेरा खाली घ्यावा.

डब्यात ठेवल्याने बेडकाचं काय बिघडतं, असं विचारणारे भेटतात. बेडूक पाणी तोंडाने पीत नाही, कातडीतून घेतो, आणि श्वासाचाही मोठा भाग त्याच ओल्या कातडीतून चालतो. तुमच्या तळहातावर त्या संध्याकाळी डासांचं मलम असतं, साबण असतो, घामाचं मीठ असतं. माणसाच्या कातडीवर जे दहा तास बसून राहतं ते बेडकाच्या कातडीतून थेट आत जातं. डब्यात पाच बेडूक एकत्र ठेवले की एकाच्या अंगावरचा रोग पाचांना लागतो. आणि मुळात तो त्या रात्री तिथे आला होता तो ओरडून मादी बोलावायला. त्याचा हंगाम थोड्या आठवड्यांचा असतो. त्यातली रात्र डब्यात गेली, तर ती परत येत नाही.

चापड्याचं तसंच. तो जागा निवडून बसतो, बेडकांची किंवा उंदरांची ये-जा बघून. त्याला उचलून ‘चांगल्या’ फांदीवर ठेवलं म्हणजे त्याने काही रात्री बसून साधलेली जागा गेली. हा साप हिरवा, तपकिरी, पिवळट अशा कितीतरी रंगांत येतो, आणि हिरवा मिळाला की गिऱ्हाईक तपकिरी मागतं. मग एकाच्या जागी चार उचलले जातात.

आता आंबोली टोड या इथल्या छोट्या बेडकाबद्दल. हे जरा सविस्तर सांगावंच लागेल.

या टोडचं शास्त्रीय वर्णन २००९ साली झालं. अंगावर वाघासारख्या पिवळसर पट्ट्यांच्या खुणा, म्हणून जातीच्या नावात ‘टायगरिना’. आकाराने अंगठ्याएवढा. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या लाल यादीत तो अतिसंकटग्रस्त या वर्गात आहे, आणि त्याची माहीत असलेली वस्ती म्हणजे आंबोलीचा हा एवढासा टापू. तो अंडी नदीत घालत नाही, तळ्यातही घालत नाही. जूनमध्ये पहिले चांगले पाऊस झाले की जांभ्याच्या सड्यावरच्या, म्हणजे उघड्या सपाट कातळावरच्या, खळग्यांत पाणी साचतं. खळगा म्हणजे किती, तर कुठे परातीएवढा, कुठे वाटीएवढा, दोन-तीन बोटं खोल. मादी तिथे अंडी घालते. एवढ्याशा पाण्यात मोठे मासे नाहीत, फारसे शत्रू नाहीत. पाऊस टिकला तर पिल्लं पाण्याबाहेर पडतात, उघडीप लांबली तर खळगा सुकतो आणि सगळं संपतं. इतका बारीक हिशोब त्या प्राण्याने मांडलेला आहे.

आणि सड्यावर वाट नसते. दिवसा माणूस पाण्यात पाय घालायचं टाळतो. रात्री मात्र सगळ्यांची बॅटरी समोरच्या प्राण्यावर असते, पायाकडे कोणाचीच नसते. गमबूट खळग्यात पडला की दोन गोष्टी होतात : पाणी बाहेर उडतं आणि उरलेल्यात तळाचा गाळ ढवळून अंड्यांवर बसतो. वीस माणसांची रांग एका सड्यावरून गेली तर चाळीस बूट गेले. त्यातला पहिला वाटाड्या खळगे चुकवतोही, पण मागचा माणूस पुढच्याच्या पाठीकडे बघत चालतो. त्यात कोणी पोट टेकून, आडवं पडून ‘पाण्याच्या पातळीवरून’ फोटो घेत असेल तर त्या खळग्याचं काही खरं नाही. जळवांसाठी मीठ किंवा तंबाखूची पुरचुंडी बाळगणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं : मोजा झटकल्यावर ते मीठ पावसाने वाहून जिथे जातं तो हाच खळगा. जळू नखाने कडेने सरकवली तरी सुटते.

म्हणून पहिल्या पावसापासून जुलै संपेपर्यंत सड्यांवर गट न्यायचाच नाही, एवढी एक गोष्ट केलीत तरी बाकीचं पत्र आम्ही निम्मं मागे घेऊ.

बूट. हा विषय कंटाळवाणा वाटतो, म्हणून टाळला जातो. तुमच्यातले काहीजण एकाच हंगामात आगुंबे, मुन्नार आणि आंबोली करता. काहीजण हिवाळ्यात कोस्टा रिकालाही गट नेता, आणि बूट तेच. बेडकांच्या कातडीवर वाढणारी कायट्रिड नावाची बुरशी ओल्या चिखलातून एका जंगलातून दुसऱ्यात जाते. कोस्टा रिकातल्या मॉन्टेव्हर्डेचा सोनेरी टोड १९८९ नंतर कोणाला दिसलेला नाही, आणि त्याच्या नाश होण्याच्या कारणांत या बुरशीचं नाव घेतलं जातं. तोही असाच एका लहानशा टापूत राहायचा. पश्चिम घाटातल्या बेडकांवर ही बुरशी आढळलेली आहे. इथे अजून मोठी मर झालेली नाही, आणि तशी होईपर्यंत थांबायचं कारण नाही.

करायचं ते एवढंच. निघण्याआधी घरी ताठ ब्रशने तळव्याच्या खाचांतला चिखल पूर्ण काढा. हे आधी करायचं, कारण चिखल राहिला तर ब्लीचची ताकद त्या मातीतच खर्ची पडते. मग एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा द्रावणात बूट दहा मिनिटं ठेवा. द्रावण त्याच दिवशी बनवलेलं हवं, शिळ्याचा उपयोग नाही. नंतर साध्या पाण्याने धुवा. ट्रायपॉडचे पाय, छत्रीचं टोक आणि गुडघ्यांची गादी लोक विसरतात. त्यांना सत्तर टक्के स्पिरिट पुसलं तरी चालतं. उन्हात कडकडीत वाळवणं हाही उपाय आहे, पण जुलैत आंबोलीत काही वाळतं असं म्हणणारा माणूस आंबोलीत राहिलेला नाही. हे सगळं घरी किंवा खोलीच्या न्हाणीघरात करायचं. ओढ्याकाठी बादली ओतलीत तर बुरशीबरोबर डोळ्यांदेखत बेडकाची पिल्लंही मरतील.

उजेडाबद्दल थोडक्यात. हजार लुमेनच्या बॅटऱ्या जंगलात कशाला हव्यात ते कळत नाही. वाट बघायला दोनशे पुरे. झोत पडला की ओरडणारा नर गप्प होतो आणि पुन्हा सुरू व्हायला वेळ घेतो. दहाजणांनी आळीपाळीने फ्लॅश मारले तर तो त्या रात्री सुरू होतही नाही. उडत्या बेडकाची मादी पाण्यावर झुकलेल्या फांदीवर फेसाचं घरटं बांधते आणि पानं ओढून ते झाकते. पिल्लं तयार झाली की खालच्या पाण्यात पडतात. फेस नीट दिसावा म्हणून पान बाजूला केलं तर फेस उघडा पडून सुकतो. घरटं वाकवून खाली आणलं आणि फांदी परत तिथेच गेली नाही, तर पिल्लं पाण्याऐवजी चिखलात पडतात.

आता तुमच्या पाहुण्यांच्या जिवाचं बोलू. चापड्याचा चावा सहसा जीव घेत नाही, पण सूज आणि वेदना जबर असतात. महत्त्वाची गोष्ट अशी की आपल्याकडे मिळणारी सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनलेली आहे. चापडा त्यात नाही. म्हणजे ‘सावंतवाडीला नेऊन लस देऊ’ हा तुमचा आपत्कालीन आराखडा असेल, तर तो आराखडा नाही. सावंतवाडी तीस किलोमीटर खाली आहे, मधे घाट आहे, आणि दरड आली तर रस्ता बंद. जंगलात फोनला रेंज असेलच असं नाही. चावलेल्या माणसाच्या अंगठ्या-कडी लगेच काढायच्या, हातपाय हलू द्यायचा नाही, वर दोरी बांधायची नाही, चिरायचं-चोखायचं नाही, आणि रेंज येईल तिथून १०८ लावायचा. सापाला पकडून बरोबर नेण्याच्या नादात दुसरा माणूस चावून घेतो. लांबून फोनवर काढलेला फोटो डॉक्टरांना पुरतो. गाडी कोणती, चालक कोण, घाट बंद असेल तर बेळगावकडे जायचं का, हे फेरीला निघण्याआधी ठरलेलं असायला हवं. हे सगळं सांगताना ओशाळल्यासारखं होतं, पण हातात काठी धरून साप ‘सरळ’ करणारे आयोजकच पाहुण्याला सापापासून दोन हातांवर उभं करतात.

फोटोत दडलेली जागेची खूण (जिओटॅग) बंद करा. चापडा एका झुडपावर काही रात्री बसतो हे वर लिहिलं आहे; फोटो आज आला की उद्या त्या झुडपापाशी तीन गाड्या असतात.

गाड्यांवरून आठवलं. पावसाळी संध्याकाळी अंधार पडल्यापासून साधारण अकरापर्यंत बेडूक, खेकडे आणि साप रस्ता ओलांडतात. तुमची फेरी नेमकी याच वेळेत. चौकुळ आणि हिरण्यकेशीच्या फाट्यांवर वीसच्या वर वेग नको. एका टोकाला गाड्या लावून चालत जा. पाच गाड्यांचा ताफा हळूहळू पुढे सरकवत ‘गाडीतून शोधायचं’, यात तुम्हाला एक साप दिसतो आणि चाकांखाली किती गेले ते मोजायला मागे कोणी नसतं.

धबधब्यावर नाचणाऱ्यांना तुम्ही नावं ठेवता. आम्हीही ठेवतो. पण तो माणूस रस्त्यावर भिजतो, कणीस खातो आणि संध्याकाळी घरी जातो. त्याच्या प्लॅस्टिकचा त्रास आहेच. तरी बेडकाच्या खळग्यापर्यंत पोचायची त्याला बुद्धी होत नाही. तिथपर्यंत पोचतो तो निसर्गप्रेमी.

कायद्याचं. पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं २०१२ साली जागतिक वारसा झाली. त्यातली महाराष्ट्रातली चार म्हणजे कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. आंबोली त्यात नाही. इथे अभयारण्य नाही, फाटक नाही. आंबोली, चौकुळ, गेळे इथला कबुलायतदार गावकारांचा, म्हणजे गावाने सामाईक धरलेल्या जमिनीच्या मालकीचा, प्रश्न कितीतरी वर्षं लोंबकळत राहिला, त्यामुळे कुठली वाट कोणाची हेही बाहेरच्याला कळत नाही. पण म्हणून सगळं मोकळं आहे असं नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ म्हणजे फक्त मारणं नाही. अनुसूचीतला प्राणी पकडणं, सापळ्यात घालणं, हाकून नेणं, त्याला आमिष दाखवणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं हेही त्यातच येतं. डबा आणि पिशवी या व्याख्येबाहेर नाहीत. हिरण्यकेशीच्या मंदिरापाशी २०२० साली वर्णन झालेला, ‘देवाचा मासा’ म्हणून गावाने आधीच राखलेला मासा सापडला, आणि पुढच्या वर्षी ती २.११ हेक्टर जागा जैविक वारसा स्थळ झाली. तिथल्या कुंडात पाय सोडून बसलेले फोटो निदान तुमच्या जाहिरातीत तरी नकोत.

आमच्या मागण्या :

आयोजकांकडून

१. जाहिरातीतून ‘हमखास’ आणि त्या अर्थाचे सगळे शब्द काढा. काही दिसलं नाही तरी पैसे परत नाहीत, हे बुकिंगच्या वेळीच सांगा. पाहुणे समजून घेतात. न सांगता आणले तरच चिडतात.

२. एका वाटाड्यामागे आठच माणसं, फेरी दोन तासांची, आणि एका रात्री एका वाटेवर एकच गट. वाटाड्या गावातला.

३. प्राण्याला हात नाही, काठी नाही, चिमटा नाही. दगड उलटायचा नाही. उलटलेला दिसला तर त्याखाली काही नाही ना हे पाहून जसा होता तसा ठेवायचा.

४. एका प्राण्यापाशी पाच मिनिटं, एकावेळी एकाचाच फ्लॅश. ओरडणाऱ्या नरावर आणि फेसाच्या घरट्यावर फ्लॅश नाही.

५. पहिल्या पावसापासून ३१ जुलैपर्यंत सड्यांवर गट नाही.

६. बूट-तपासणी फेरीआधी, वाटाड्याच्या हातून. चिखलाचे बूट घालून आलेला माणूस रस्त्यावरूनच बघेल.

वनखात्याकडून

७. रात्रफेऱ्यांचे नियम मराठीत, लेखी, तपासणी नाक्यावर आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. कोणत्या वाटा खुल्या आणि कोणत्या बंद, ते नकाशासह.

८. आयोजकांची नोंद ठेवा आणि ती लोकांना पाहता येऊ द्या. प्राणी पकडल्याची तक्रार आली तर काय कारवाई झाली, तेही त्याच नोंदीत हवं.

९. या भागात संवर्धन राखीव क्षेत्र आहे. अशा क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीत हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असावा, असं कायदाच सांगतो. पावसाळ्याआधी समितीची बैठक घ्या आणि रात्रफेऱ्या हा विषय पत्रिकेवर पहिला ठेवा.

उत्तर फोनवर नको. मे संपायच्या आत लेखी द्या, म्हणजे जूनच्या पहिल्या शनिवारी कोणाला वाट सोडायची ते आम्हाला ठरवता येईल.

आपले,
आंबोली-चौकुळ-गेळे परिसरातले वाटाडे, घरगुती निवासवाले आणि नोंदकर्ते

ता. क. रस्त्यात बेडूक बसलेला दिसला तर गाडी थांबवून दिवे खाली करा. बहुतेक वेळा तो अर्ध्या मिनिटात स्वतःच जातो. मागून वाहन येत असेल आणि उचलावाच लागला, तर हात पावसाच्या पाण्याने धुऊन, ओल्या पानावर घ्या आणि तो ज्या बाजूला निघाला होता त्याच बाजूला सोडा. उलट सोडलात तर तो पुन्हा रस्त्यावर येतो. साप असेल तर काहीही उचलू नका, फक्त मागच्या गाडीला हात दाखवा.